उपचार फुकट, पण दवाखान्यापर्यंत जायचं कशानं?

मंडळी, पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या घरात सध्या कॅन्सरचा पेशंट आहे त्यांनी मधला भाग नीट वाचा, कामाची माहिती आहे. बाकीच्यांनी वाचून, ज्याला लागेल त्याला पाठवा.

महात्मा फुले योजनेत कॅन्सरवर उपचार होतात हे आपल्याकडं आता बहुतेकांना माहीत आहे. माहीत असायलाच पाहिजे. राजीव गांधी जीवनदायी या नावानं ही योजना २ जुलै २०१२ ला सुरू झाली, तेव्हा राज्यातल्या पहिल्या ८ जिल्ह्यांत सोलापूर होतं. बाकी महाराष्ट्राला ती २०१३ च्या नोव्हेंबरात मिळाली. तेव्हा दीड लाखापर्यंतचा खर्च मिळायचा, आता ५ लाखांपर्यंत मिळतो. या योजनेला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. तिच्यामुळं जमीन विकायची वेळ टळलेली घरं मी डोळ्यांनी पाहिलीत, त्यांच्या बातम्याही लिहिल्यात.

पण या योजनेच्या पॅकेजमध्ये काय काय बसतं ती यादी कधीतरी निवांत वाचा. जनरल वॉर्डातली खाट, नर्सिंग, डॉक्टरांची फी, औषधं, तपासण्या, ॲडमिट पेशंटचं जेवण, आणि सगळ्यात शेवटी प्रवास. दवाखान्यातून घरी जायला एकदाचं एसटीचं किंवा रेल्वेच्या सेकंड क्लासचं भाडं. एकदाच, आणि तेही फक्त परतीचं. ज्या साहेबानं हे लिहिलं त्याच्या डोळ्यासमोर ऑपरेशनचा पेशंट असणार. बायपास झाली, आठ-दहा दिवस राहिला, डिस्चार्ज मिळाला, एसटीत बसून घरी गेला. त्या पेशंटला हा नियम बरोबर आहे. कॅन्सरचा पेशंट असा एकदा जाऊन येत नाही. त्याचं येणं-जाणंच संपत नाही.

माझ्या सख्ख्या आत्याचं सांगतो. वय ७१. अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला लागून गाव आहे. आयुष्यभर मशेरी लावली, गालाच्या आतल्या बाजूला जखम झाली, ती भरेना. तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन योजनेतून झालं, घरच्यांना एक रुपया भरावा लागला नाही. मग डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं. आपल्याकडं त्याला 'लाईट देणं' म्हणतात, कुणी 'शेक' म्हणतं. ३० सिटिंग. सोमवार ते शुक्रवार, रोज एक, सलग ६ आठवडे. तेही योजनेत बसलं. सगळे खूश.

आता रोजचं गणित बघा. गावातून अक्कलकोटपर्यंत वडाप, माणशी ३० रुपये. अक्कलकोटहून सोलापूर एसटी, आत्याला अर्धं तिकीट ३५, सोबत पोरगा, म्हणजे माझा आतेभाऊ, त्याला पूर्ण ७०. स्टँडवरून दवाखान्यापर्यंत रिक्षा ६०. परत जाताना हेच उलटं. तोंडाला शेक बसला की गिळता येत नाही, मग शहाळं किंवा ताक घ्यावं लागतं, आणि त्या पोराचा एखादा चहा. त्याचे ५० धरा. वडापचे १२०, एसटीचे २१०, रिक्षाचे १२०, वरचे ५०. बरोबर ५०० रुपये रोज. ३० दिवसांचे १५ हजार. आतेभाऊ गवंडीकाम करतो, ७०० रुपये हजेरी. ३० दिवस काम बुडालं, ते २१ हजार वेगळे. म्हणजे 'फुकट' उपचाराला त्या घरातून ३६ हजार रुपये गेले. पोराच्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर त्यानं रोजचं लिहून ठेवलं होतं, म्हणून मला आकडा तरी सांगता येतोय. बहुतेक घरांत तो कुणी लिहीतच नाही. लिहून करणार काय, त्याची पावती घेणारं टेबलच कुठल्या ऑफिसात नाही.

पैसा एका बाजूला. वेळेचं ऐका. मशीनवरचं काम दहा-पंधरा मिनिटांचं. त्या पंधरा मिनिटांसाठी ही बाई सकाळी साडेआठला घरातून निघायची आणि संध्याकाळ होता होता परत यायची. मधेच एकदा त्यांचा नंबर दुपारी चारनंतरचा लागला. तिथून सुटून अक्कलकोट गाठेपर्यंत गावाकडं जाणारं शेवटचं वडाप गेलेलं. त्या रात्री आत्या स्टँडवरच्या बाकड्यावर बसून राहिली आणि आतेभावानं गावातल्या एकाला फोन करून मोटारसायकल मागवली. तोंडाला पदर लावून, ७१ वर्षांची बाई, तीन माणसांत मधे बसून १४ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी त्यानं काउंटरवर विचारलं की आमचा नंबर सकाळचा करता का, तर उत्तर मिळालं, "सगळ्यांनाच सकाळचा पाहिजे असतो." दवाखान्याचं नाव लिहीत नाही. कुठल्याही दवाखान्यात हेच उत्तर मिळालं असतं, कारण पेशंट कुठून येतो हा प्रश्न त्यांच्या फॉर्मवर नाहीच. पत्त्याचा रकाना आहे, पण तो पाहून वेळ ठरवायची असं कुणाच्या डोक्यात येत नाही.

विसाव्या सिटिंगच्या आसपास आत्यानं बंड केलं. "बास झालं आता. माझ्यापायी पोराचं काम बुडतंय. एवढं जगून तरी काय करायचंय मला?" हे वाक्य तुमच्यापैकी कितीतरी जणांनी आपल्या घरात ऐकलं असेल. म्हातारं माणूस दुखण्याला कंटाळून असं बोलतं, असा आपला समज. मला तर वाटतं निम्म्या वेळा ते तिकिटाला कंटाळलेलं असतं. रोज सकाळी पोरगा शेजाऱ्याकडून पाचशे रुपये उसने आणतोय हे त्याला दिसत असतं. आणि रेडिएशनमध्ये मधे खंड पडला की त्याचा उपयोग कमी होतो, हे डॉक्टर पहिल्याच दिवशी सांगतात. म्हणजे सरकारनं ऑपरेशनवर आणि मशीनवर घातलेला पैसासुद्धा शेवटच्या दहा दिवसांच्या भाड्यापायी पाण्यात जायची वेळ येते. आत्याला आम्ही समजावलं, तिनं ३० पूर्ण केली. तिच्याबरोबर येणारी वळसंगकडची एक बाई मात्र पुढं दिसायची बंद झाली. बरी होऊन गेली की सोडून गेली, कुणाला माहीत नाही.

आता कामाची माहिती.

रेल्वेत कॅन्सर पेशंटला सवलत आहे, आणि ती चालू आहे. २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली ती ज्येष्ठ नागरिकांची सवलत. लोकांचा गोंधळ होतो, "आता रेल्वेत काही मिळत नाही" असं एकमेकांना सांगत बसतात. उपचाराला किंवा तपासणीला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण माफी आहे. सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यात ७५ टक्के सूट. सेकंड क्लासला आणि एसी चेअर कारला दोघांनाही ७५ टक्के. त्यासाठी रेल्वेचा ठरलेला फॉर्म असतो, तो दवाखान्यातून सही-शिक्का घेऊन भरून आणायचा आणि रिझर्व्हेशनच्या खिडकीवर द्यायचा. मोबाईलवरून हे तिकीट काढायला जाऊ नका. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं टाटाला जाणारे, हुतात्मा किंवा इंद्रायणीनं पुण्याला जाणारे, सगळ्यांसाठी हे आहे. रात्री सोलापूर स्टेशनवर उभं राहिलात तर ही माणसं लगेच ओळखू येतात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे आणि जाडजूड फाइल, सोबत चादर, आणि उतरायचं दादरला. पंजाबात भटिंड्याहून बिकानेरला जाणाऱ्या गाडीला लोकांनी 'कॅन्सर ट्रेन' असंच नाव ठेवलं होतं. आपल्या सिद्धेश्वरला अजून कुणी तसं नाव ठेवलेलं नाही एवढंच.

एसटीत ७५ च्या वरच्यांना २०२२ पासून मोफत, ६५ ते ७५ ना अर्धं तिकीट, बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट. राज्याच्या हद्दीत. कॅन्सर पेशंटसाठीही एसटीची वेगळी सवलत आहे, दवाखान्याचा दाखला लागतो. आत्याच्या घरी हा दाखला मिळतो हे ३० पैकी एकाही दिवशी कुणी सांगितलं नाही. पण खरं सांगू का, सांगितलं असतं तरी रोजचे पाच-पन्नासच वाचले असते. खर्च आत्याच्या तिकिटाचा नव्हताच. सोबतच्या माणसाचं तिकीट, वडाप, रिक्षा आणि बुडालेली हजेरी, खर्च तो होता. सिकलसेल, हिमोफिलिया आणि डायलिसिसच्या पेशंटना एसटीनं पूर्ण मोफत केलंय, चांगलं केलंय. मग रोज मशीनवर जाणारा कॅन्सर पेशंट त्या यादीत का नाही, हा प्रश्न मात्र उरतोच.

पेन्शनचं म्हणाल तर ६५ च्या आतल्या गरीब कॅन्सर पेशंटला संजय गांधी निराधार योजना आहे, वरच्यांना श्रावणबाळ. महिना १५०० रुपये. अट अशी की दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे. २१ हजारांत वर्ष काढणारं कुटुंब सोलापूर जिल्ह्यात तलाठ्याच्या दाखल्यातच सापडतं. आणि मिळालेच १५०० तर आत्याच्या हिशोबानं ते तीन दिवसांचं येणं-जाणं. राज्यातल्या अनेक जिल्हा परिषदा सेस फंडातून दुर्धर आजाराच्या पेशंटना एकरकमी मदत देतात. ग्रामीण भागातल्यांनी पंचायत समितीच्या आरोग्य विभागात जाऊन हे जरूर विचारा. एकदा विचारून परत येऊ नका, दोनदा विचारा.

टाटाला राहायची सोय नसेल तर दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कित्येक वर्षं कॅन्सर पेशंट आणि नातेवाइकांना सांभाळतेय. तिकडं जाणाऱ्यांनी दवाखान्यातल्या समाजसेवकाला पहिल्याच दिवशी गाठावं. धर्मशाळा, रेल्वेचा फॉर्म, ट्रस्टची मदत, या सगळ्याची किल्ली त्याच्याकडं असते. डॉक्टरला हे विचारून उपयोग नाही, त्याच्यापुढं दीडशे माणसं उभी असतात.

आता या सगळ्यात बार्शीचं नाव घेतल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. अंतर हा कॅन्सरमधला किती मोठा प्रश्न आहे हे आपल्याच जिल्ह्यानं जगाला दाखवलंय. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात डॉ. बी. एम. नेने आणि टाटाच्या मंडळींनी १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. नोंदणीची माणसं गावोगाव फिरली, नोंदी घेता घेता लोकांशी बोलली, आणि काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात यायला लागल्या. पुढं शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३१ हजारांवर बायकांचा मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. एकदा एचपीव्ही तपासणी केली तरी या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असं त्यातून निघालं. जगभर त्याचा दाखला दिला जातो. हे सगळं कशामुळं झालं? तपासणी बायकांपर्यंत गेली म्हणून. त्यांना शहरात बोलावून बसले असते तर निम्म्या आल्या नसत्या. तपासणीच्या बाबतीत जे कळलं ते उपचाराच्या बाबतीत आपण अजून लावून बघितलेलं नाही. मशीन गावात नेता येत नाही हे मान्य. मग माणसाला मशीनपर्यंत नेण्याची जबाबदारी कुणाची?

कुणी म्हणेल, सरकारनं आता काय घरातून उचलूनही न्यायचं का? तर हो, नेतंयच की. बाळंतीण बाईला २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरातून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात, आणि बाळाला घेऊन परत घरी, असं फुकट नेलं जातं. १०२ ची गाडी त्यासाठीच आहे. गाडीअभावी बाई घरीच बाळंत होते आणि त्यात जीव जातो हे सरकारला पटलं, म्हणून प्रवास हा बाळंतपणाचाच भाग मानला गेला. हेच तत्त्व कॅन्सरला लावायला नवीन शोध लावायचा नाहीये. हरयाणात कॅन्सर पेशंटना सरकारी बसमध्ये मोफत प्रवास आहे. केरळनं २०२५ मध्ये त्यांच्या एसटीत तो जाहीर केला. आपण त्यांच्यापेक्षा गरीब नाही.

केंद्रानं २०२५-२६ च्या बजेटमध्ये तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर सेंटर काढायचं जाहीर केलं. चांगली गोष्ट आहे, केमोचा सलाइन घेऊन संध्याकाळी घरी जाता येईल. पण करमाळ्याच्या, सांगोल्याच्या, मंगळवेढ्याच्या खेड्यातल्या माणसाला जिल्ह्याचं ठिकाणसुद्धा लांबच आहे. करमाळा सोलापूरपासून सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे, आणि केमो घेतलेला माणूस एसटीत खिडकीपाशी पिशवी धरून बसतो तेव्हा एकेक किलोमीटर त्याला मोजून लागतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. महात्मा फुले योजनेतल्या त्या शेवटच्या ओळीत बदल करा. रेडिएशन आणि केमोच्या पेशंटला प्रत्येक फेरीचं, येण्याचं आणि जाण्याचं, स्वतःचं आणि सोबतच्या एका माणसाचं एसटीचं भाडं पॅकेजमध्ये धरा. पैसे हातात देणं अवघड असेल तर सिटिंगचं कार्ड हाच एसटीचा पास माना. कार्डावर तारखा असतात, शिक्का असतो, कंडक्टरला आणखी काय पाहिजे? पाच लाखांच्या संरक्षणात हे दोन-पाच हजार कुठल्या कोपऱ्यात बसतील ते कळणारसुद्धा नाही. आणि ज्या दवाखान्यात मशीन आहे तिथं लांबच्या पेशंटला सकाळचा नंबर द्या, शहरातल्यांना संध्याकाळचा. याला तर जीआरही लागत नाही. एक वही आणि एक समजूतदार माणूस लागतो.

आरोग्य खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाशी यावर बोललो. तो म्हणाला, "पास दिला की बोगस कार्डं निघतील." निघतील की. लाईट घ्यायची हौस म्हणून कोण ३० दिवस मशीनखाली झोपणार आहे ते त्यानं सांगितलं नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे तेही बोलू. आषाढीला पंढरीच्या वाटेवर आपल्या जिल्ह्यात पावलोपावली पंगत असते, पाणी असतं, पाय चेपून देणारे असतात. कुणाला सांगावं लागत नाही. तुमच्या गावातून रोज सोलापूरला नोकरीला, कॉलेजला, मार्केट यार्डात गाडी जातच असते. त्या गाडीत एका म्हातारीला सहा आठवडे एक जागा ठेवली तर तिचं वडापही वाचेल आणि पोराची हजेरीही, कारण मग सोबत रोज पोरगाच लागेल असं नाही, सून किंवा शेजारीणही जाऊ शकते. आमच्या आत्याला शेवटचा आठवडा गावातल्या दूधवाल्या टेम्पोनं अक्कलकोटपर्यंत नेलं. पैसे घेतले नाहीत. कॅनच्या शेजारी पोतं टाकून तिच्यासाठी बसायला जागा केली होती.

या प्रश्नावर जिल्हाधिकारी आणि पालकमंत्र्यांकडं निवेदन द्यायचं ठरवलंय. नुसत्या भाषणाच्या निवेदनाला फाइलमध्ये जागा मिळते, आकडे असले तर निदान वाचलं जातं. म्हणून ज्यांच्या घरात गेल्या दोन वर्षांत कुणाचं रेडिएशन किंवा केमो झालंय त्यांनी खाली एवढंच लिहा: तालुका, घरापासून दवाखान्याचं अंतर, किती सिटिंग किंवा किती केमो, एका दिवसाचा जाण्या-येण्याचा खर्च, आणि सोबतच्या माणसाची किती हजेरी बुडाली. पेशंटचं नाव किंवा आजाराचे कागद टाकू नका. ज्यांना उघड लिहायचं नाही त्यांनी मला मेसेज करा. महिनाअखेरपर्यंत गोळा करतो, अकरा तालुक्यांचं एकत्र करून देतो, आणि दिल्यावर काय उत्तर आलं तेही इथंच टाकतो.